फेब्रुवारीतले तीनशे रुपये

महाराष्ट्रातल्या बहुतेक नोकरदारांच्या पगारपत्रकात कपातीच्या रकान्यात एक छोटी ओळ असते : व्यवसाय कर, २०० रुपये. अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. हे जादा शंभर कशाचे, असा प्रश्न दरवर्षी कुणीतरी हिशेबनिसाला विचारतोच. उत्तर सोपे आहे. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमानुसार हा कर एका माणसाकडून वर्षाला २५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. अकरा महिन्यांचे २२०० झाले की उरलेले तीनशे वर्षअखेरीआधी वळते करून घ्यायचे, एवढाच तो हिशेब.

मात्र हा कर आला कुठून, हे फारसे कुणी विचारत नाही. तो १९७५ साली आला, आणि आला तो रोजगार हमी योजनेसाठी. खेड्यातल्या मजुराने काम मागितले तर त्याची मजुरी द्यायला सरकारकडे पैसा हवा, म्हणून शहरातल्या पगारदाराच्या, वकिलाच्या, दुकानदाराच्या खिशातून तो काढायचा, असे विधिमंडळाने ठरवले. ‘तुमचे पैसे घेऊन त्यांना देणार आहोत’ असे राज्यकर्त्यांनी उघडपणे सांगितले आणि त्यासाठी कायदा केला. आज दीड हजार, एकवीसशे आणि तीन हजार या आकड्यांवर निवडणुका लढवल्या जातात, त्यामुळे हे नवलाचे वाटेल.

गरिबीबद्दल पुढारी एकमेकांशी इतके का भांडतात? एक जण ज्या योजनेला रेवडी म्हणतो, तिलाच दुसरा हक्क म्हणतो आणि पाच वर्षांनी दोघांची भाषा अदलाबदल होते, असे का? कळवळा कुणाला जास्त आहे, हे मोजत बसून यातले काही उलगडत नाही. खरा वाद चार प्रश्नांवर असतो. मदत कुणाला द्यायची, कोणत्या रूपात द्यायची, कुणाच्या पैशाने द्यायची, आणि ती मागण्याचा अधिकार घेणाऱ्याकडे असेल की देण्याची मर्जी देणाऱ्याकडे. महाराष्ट्राच्या गेल्या साठ वर्षांत या चारही प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे देऊन झाली आहेत, त्यामुळे हा वाद समजून घ्यायला आपल्याला दूर जावे लागत नाही.

गरीब ओळखायचा कसा

१९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींनी ‘गरिबी हटाव’ची घोषणा दिली. त्याच वर्षी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला २२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न घेता यावे, तर किती खर्च करावा लागतो, हे त्यांनी काढले. १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात माणशी वर्षाला १८० रुपये आणि शहरात २७० रुपये. एवढाही खर्च न करू शकणारे लोक खेड्यात सुमारे चाळीस टक्के आणि शहरात सुमारे निम्मे होते.

देशात गरीब किती, याचा अंदाज यातून आला. पण योजना राबवणाऱ्या तलाठ्याला देशाचा आकडा उपयोगी पडत नाही. समोर उभी असलेली ही बाई रेषेच्या वर की खाली, हे त्याला ठरवायचे असते. आणि शेतमजुराचे उत्पन्न कुठल्याच कागदावर नसते. तीन दिवस खुरपणी, दोन दिवस रिकामे, मग ऊसतोडीची उचल, सणाला भावाने दिलेले शे-दोनशे. हे सगळे मिळून वर्षाचे किती झाले, हे त्या बाईलाही सांगता येणार नाही.

तरीही सरकारला रेषा आखावी लागते. १९९७ पर्यंत रेशन सर्वांसाठी होते, त्या वर्षी ते गरिबांपुरते ‘लक्ष्यित’ करण्यात आले. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तिरंगी कार्डे आली. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत असेल तर पिवळे, १ लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरे. पंधरा हजार म्हणजे अख्ख्या घराचे रोजचे ४१ रुपये. नवरा-बायको दोघेही मजुरीला जाणाऱ्या घराने खरे उत्पन्न सांगितले असते, तर त्या काळातही पिवळे कार्ड हातचे जाण्याची भीती होती. पुढे २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला, तेव्हा राज्याने प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात वर्षाला ४४ हजारांची मर्यादा ठरवली. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीवर महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे घरातल्या एकाच माणसाने सरकारी दराने १४२ दिवस काम केले, की ते घर ती मर्यादा ओलांडते.

इथे गव्हाची चाळणी आठवावी. भोके मोठी असली तर खडेही गव्हाबरोबर खाली उतरतात. भोके बारीक केली तर खडे वर राहतात, पण त्यांच्याबरोबर चांगले टपोरे दाणेही वरच अडकतात. फक्त खडे अडवील आणि एकही दाणा अडवणार नाही, अशी चाळणी कुणाला अजून बनवता आलेली नाही. गावातल्या दुमजली घरात पिवळे कार्ड निघते, हा झाला खडा. दोन घरे सोडून राहणाऱ्या विधवेकडे केशरी कार्ड असते आणि त्यावर धान्य येत नाही, हा अडकलेला दाणा.

पुढाऱ्यांचे दोन पंथ इथेच पडतात. तिजोरीची चिंता वाहणारा म्हणतो, बोगस नावे काढा. लोकांत वावरणारा म्हणतो, सगळ्यांनाच द्या, निदान कुणी सुटणार तरी नाही. तमिळनाडूने दुसरा मार्ग धरला. तिथे द्रमुक आली काय आणि अण्णाद्रमुक आली काय, रेशनचा तांदूळ सर्वांसाठीच राहिला. ज्याला तो तांदूळ नको, तो रांगेत उभा राहत नाही.

माझे मत सांगतो. या दोन चुका सारख्या वजनाच्या नाहीत. चुकून आत आलेला माणूस बातमीत येतो, त्याच्या बंगल्याचा फोटो छापून येतो. चुकून बाहेर राहिलेली बाई मुकाट्याने घरी जाते. त्यामुळे प्रत्येक छाननीत पहिल्या चुकीची मोजदाद होते, दुसरीची होत नाही. आणि पहिल्या चुकीत सरकारचे पैसे जातात, तर दुसरीत एखाद्या घराचे रात्रीचे जेवण जाते.

विसापूरची कल्पना

माणूस गरीब आहे की नाही हे सरकारने ठरवूच नये, त्याचे त्यालाच ठरवू द्यावे, असा एक तिसरा मार्ग आहे. तो महाराष्ट्रात निघाला. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर नावाचे गाव आहे. तिथले वि. स. पागे हे गांधीविचारांचे काँग्रेस नेते १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी १९६५ च्या सुमारास विसापूर परिसरात एक प्रयोग केला. मागेल त्याला काम द्यायचे, आणि काम असे निवडायचे की त्यातून गावाची जमीन आणि पाणी सुधारावे.

यातली युक्ती नीट पाहण्यासारखी आहे. दिवसभर उन्हात माती खणायची, मजुरी बेताचीच. ज्याच्या घरात दुसरी मिळकत आहे, तो या कामाला येणारच नाही. म्हणून उत्पन्नाचा दाखला नको, तलाठ्याची सही नको, सरपंचाची शिफारस नको. काम मागायला आलेला प्रत्येक जण गरजू आहे असे धरून चालता येते, कारण गरज नसलेला आपोआप घरी राहतो. अर्थशास्त्रात याला स्वयंनिवड म्हणतात. गरिबांची यादी करण्याचा अधिकार गावपुढाऱ्याच्या हातून निघून गेला, हा याचा सगळ्यात मोठा परिणाम.

मग दुष्काळ आला. १९७० ते १९७३ या काळात राज्याच्या मोठ्या भागात पिके बुडाली, आणि १९७२ हे साल तर त्या पिढीच्या बोलण्यात ‘बाहत्तर’ म्हणूनच राहिले. लाल मिलो, मुलांना वाटलेली सुकडी, खडी फोडायची केंद्रे, पाझर तलाव आणि बंडिंगची कामे. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. इतक्या मोठ्या दुष्काळात भूकबळींची लाट आली नाही, याचे मोठे श्रेय या कामांना दिले जाते. पुढे ज्याँ द्रेझ यांनी या काळाचा बारकाईने अभ्यास केला. बाजारात धान्य पोहोचत होते, आणि ते विकत घेण्यापुरती मजुरी लोकांच्या हातात पडत होती. दोन्ही गोष्टी जुळल्या म्हणून माणसे तगली.

योजना म्हणून रोजगार हमी १९७२ सालीच जाहीर झाली होती. दुष्काळ सरल्यावर ती गुंडाळली न जाता वाढली. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला आणि त्यातून जमेल तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरले. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

नमुना ४ आणि मातीचा खुंट

योजना आणि कायदा यांतला फरक कागदावर छोटा दिसतो, कामावर मोठा असतो. योजनेत काम निघाले तर मिळते. कायद्यात काम मागितले की द्यावे लागते. मागणीचा एक अर्ज असतो, त्याला महाराष्ट्रात सगळे ‘नमुना ४’ म्हणतात. अर्ज दिला की तारखेची पावती घ्यायची. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागतो. म्हणजे सगळी ताकद त्या पावतीत आहे. म्हणूनच मजुरांच्या संघटना सभेत पहिली गोष्ट सांगतात ती ही, की तोंडी काम मागू नका, लेखी मागा आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. आणि म्हणूनच ‘काम निघालं की सांगतो, अर्जाची काय गरज’ असे उत्तर मिळते. अर्ज नाही तर मागणी नाही, आणि मागणी नाही तर भत्ताही नाही. वर्षअखेरीस अहवालात लिहिले जाते की या गावात कामाला मागणीच नव्हती.

कामावरची मोजणीही पाहण्यासारखी. बहुतेक कामे जोडीने चालतात, एक जण टिकाव-फावड्याने माती काढतो, दुसरा घमेल्याने ती बांधावर नेऊन टाकतो. खणून झालेल्या खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट तसाच सोडतात. मोजणीला आलेला माणूस टेप घेऊन त्या खुंटाची उंची पाहतो, म्हणजे जमीन मूळ किती होती आणि किती खोल गेली हे कळते. मजुरी त्या घनफळावर ठरते. बाई आणि पुरुष असा दरात फरक नाही, मातीला तो कळत नाही. शेतावर बाईला पुरुषापेक्षा कमी रोज मिळण्याची रीत असताना सरकारी कामावर सारखा दर मिळू लागला. बायका मोठ्या संख्येने या कामांवर आल्या, त्यामागे हे एक कारण होते.

*चौकट : कायदा काय देतो*

महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती, मागेल तितके दिवस काम. केंद्राच्या २००५ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. शंभर दिवसांपर्यंत केंद्राचा निधी आणि पुढच्या दिवसांसाठी राज्याचा, अशी जोडणी मग महाराष्ट्राने केली. केंद्राच्या कायद्यात काम शक्यतो गावापासून पाच किलोमीटरच्या आत, किमान एकतृतीयांश लाभार्थी स्त्रिया, आणि खर्चात मजुरीचा वाटा किमान ६० टक्के अशा अटी होत्या. कंत्राटदार आणि माती उचलणारी यंत्रे यांना मनाई होती.

सगळे पक्ष एका बाजूला कसे आले

१९७७ चा कायदा विधिमंडळात एकमताने झाला. वेगवेगळ्या मतांच्या पक्षांचे या एका गोष्टीवर कसे जुळले? प्रत्येकाला त्यात वेगळी वस्तू दिसत होती, हे त्याचे उत्तर.

डाव्या पक्षांना आणि समाजवाद्यांना त्यात राज्यघटनेच्या ४१ व्या कलमातला कामाचा अधिकार दिसला. शेतमजुरांची संघटना बांधायला आता एक ठोस मागणी हाती आली, तहसीलवर मोर्चा न्यायला कारण मिळाले. सत्ताधारी काँग्रेसमध्ये वजन होते ते बागायतदारांचे. त्यांना दिसले पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती आणि रस्ते. मजुरी मजुराला मिळणार, पण बांधलेला तलाव ज्याच्या विहिरीला पाणी देणार तो शेतकरी जमीनवालाच होता. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स या अभ्यासकांनी १९८३ मध्ये नेमके यावरच बोट ठेवले होते. शहरी मध्यमवर्गाला पैसे द्यावे लागले, पण खेड्यातून शहराकडे येणारे लोंढे थांबतील ही आशा त्यालाही होती.

या जुळणीकडे केवळ स्वार्थाची तडजोड म्हणून पाहू नये असे मला वाटते. ज्या योजनेत गरिबाखेरीज कुणाचाच फायदा नसतो, तिला सभागृहात वालीही नसतो. बागायतदाराला तलाव हवा होता, म्हणून मजुराची मजुरी दरवर्षी अर्थसंकल्पात टिकली.

या सगळ्यांपेक्षा वेगळे बोलणारा एक माणूस थोड्याच काळात उभा राहिला. चाकणच्या कांदा आंदोलनातून पुढे आलेले शरद जोशी. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही शेतकरी संघटनेची घोषणा. त्यांचे म्हणणे होते की सरकार आधी शेतमालाचे भाव पाडून खेड्यातला पैसा काढून घेते आणि मग त्यातलेच चार पैसे योजना म्हणून परत करते. शेतमालाला रास्त भाव द्या, शेतकरी मजुराला जास्त रोज देऊ शकेल, आणि योजनांची गरजच उरणार नाही. या मांडणीत तथ्य होते, कारण शेतमालावरची निर्यातबंदी आणि लेव्ही यांनी शेतकरी खरेच नागवला जात होता. पण पिकाचा भाव वाढला म्हणजे मजुराचा रोज वाढेलच, याची हमी त्यात नव्हती. रोज वाढतो तेव्हा मजुराकडे नाही म्हणण्याची सोय असावी लागते. ती सोय रोजगार हमी योजनेने, म्हणजे रोहयोने दिली. गावच्या शेतकऱ्याने कमी रोज देऊ केला, तर मजूर म्हणू शकत होता की मी सरकारी कामावर जाईन. ‘रोहयोमुळे शेतीला माणूस मिळत नाही’ ही जमीनवाल्यांची तक्रार तेव्हापासूनची आहे, आणि ती योजना लागू पडत असल्याची खूण आहे.

मजुरी वाढली आणि काम आटले

सगळे सुरळीत चालले असे मात्र नाही. खोटी नावे घातलेली मस्टर सापडली, अर्धवट सोडलेले तलाव सापडले, अधिकारी निलंबित झाले. पण योजनेची खरी कसोटी लागली ती १९८८ साली. शेतीतले किमान वेतन तेव्हा साधारण दुप्पट झाले आणि रोहयोची मजुरी त्याच्याशी बांधलेली होती. मजुराच्या बाजूने पाहिले तर हा विजयच. पण तिजोरीतला निधी दुप्पट झाला नव्हता. मग कामावरची हजेरी घसरत गेली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी नंतर आकडे तपासले आणि वेतनवाढीनंतर कामाचे वाटप आखडते झाल्याचे दाखवले. कायद्यात हमी होती, कामे मात्र कमी काढली गेली. कामे दूर निघू लागली, उशिरा निघू लागली, आणि पुन्हा एकदा कुणाला काम द्यायचे हे ठरवणारा माणूस मध्ये आला.

अर्थमंत्री सभागृहात बोलतो तेव्हा ऐकताना हे लक्षात ठेवावे. हक्क कमी करायला कायदा बदलावा लागत नाही. निधी थोडा कमी सोडला, मजुरी उशिरा जमा केली, हजेरीसाठी मोबाइलवर फोटो आणि खात्यासाठी आधारची जोडणी सक्तीची केली, तरी माणसे आपोआप गळतात. आधी स्वयंनिवड गरजेवर होत होती, मग ती चिकाटीवर होऊ लागते.

शिवाय श्रमाची अट घातली की जे श्रम करू शकत नाहीत, ते बाहेरच राहतात. म्हातारी माणसे, अपंग, तान्ह्या मुलाची एकटी आई. त्यांच्यासाठी राज्याने १९८० पासून संजय गांधी निराधार योजना चालवली. तिथे पुन्हा दाखले आले, उत्पन्नाची मर्यादा आली आणि तालुक्याच्या समितीपुढची वाट पाहणे आले.

दिल्लीतले तीन सूर

महाराष्ट्राचा हा अनुभव समोर ठेवून २००५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा (पुढे मनरेगा) केला. २ फेब्रुवारी २००६ पासून तो आधी दोनशे जिल्ह्यांत आणि नंतर देशभर लागू झाला. सोनिया गांधींच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय सल्लागार परिषदेत अरुणा रॉय, ज्याँ द्रेझ यांसारखी माणसे होती. त्यांचा सूर हक्काचा होता : माहितीचा हक्क, कामाचा हक्क, अन्नाचा हक्क. गरीब माणूस सरकारकडे कायदा दाखवून मागू शकला पाहिजे.

नरेंद्र मोदींचा सूर वेगळा. फेब्रुवारी २०१५ मध्ये लोकसभेत ते म्हणाले की मनरेगा मी बंद करणार नाही, काँग्रेसच्या साठ वर्षांच्या अपयशाचे ते जिवंत स्मारक आहे. स्वातंत्र्याला इतकी वर्षे झाल्यावरही माणसाला खड्डे खणायला लावावे लागते, हा त्यामागचा मुद्दा होता. त्यांच्या सरकारचा भर राहिला तो हातात देता येईल अशा वस्तूंवर : शौचालय, गॅसची शेगडी, घरकुल, बँक खाते, नळ. याची राजकीय बाजू उघड आहे. शेगडी कुणी दिली हे लाभार्थ्याला सांगता येते. मस्टरवरची सही पुढाऱ्याच्या नावावर जमा होत नाही. पण त्याची चांगली बाजूही मान्य करायला हवी. धुराने डोळे चुरचुरणाऱ्या बाईला गॅस मिळाला तर तो तिच्या रोजच्या आयुष्यातला खरा फरक आहे, तो कुणाच्या कार्यक्रमपत्रिकेत बसतो याने तिला काही फरक पडत नाही.

आणि मे २०२० मध्ये, शहरांतून माणसे पायी गावाकडे परतत होती तेव्हा, त्याच सरकारने मनरेगाच्या ६१,५०० कोटींच्या तरतुदीत ४० हजार कोटींची भर घातली. संकटात किती माणसांना मदत लागेल हे आधी सांगता येत नाही. अशा वेळी मागणीवर चालणारी योजनाच उपयोगी पडते, कारण तिला यादी लागत नाही.

तिसरा सूर डिसेंबर २०२५ मधला. संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला, ‘व्हीबी-जी राम जी’ या नावाने तो ओळखला जातो. हमी १०० वरून १२५ दिवसांवर गेली. पण बहुतेक राज्यांना आता खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचा आहे, आधी अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्रावर होता. प्रत्येक राज्याला केंद्र एक रक्कम ठरवून देणार आणि त्यापुढचा खर्च राज्याचा. शिवाय पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षातून साठ दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची सोय आहे. १९८८ चा धडा आठवला तर यातली मेख दिसते. दिवस वाढले आणि रक्कम आधीच ठरली, तर मागणीवर चालणारी योजना वाटपावर चालू लागते. आणि ऐन हंगामात सरकारी काम बंद राहिले, तर मजुराला नाही म्हणण्याची जी सोय होती, तीच नेमकी त्या दिवसांत नसेल. जमीनवाल्यांची जुनी तक्रार अखेर कायद्यात पोहोचली.

खात्यावर दीड हजार

आता रोख रकमेकडे. २८ जून २०२४ रोजी अजित पवारांनी अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या, २१ ते ६५ वयाच्या स्त्रियांना दरमहा १५०० रुपये. ऑगस्टमध्ये पैसे जमा होऊ लागले, नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. प्रचारात महायुतीने २१०० चे आश्वासन दिले, महाविकास आघाडीने ३००० चे. जे पक्ष वर्षानुवर्षे एकमेकांना विरोध करत आले, त्यांच्यात आता तत्त्वावर मतभेद उरला नाही, आकड्यावर उरला.

ही कल्पना एकाएकी आलेली नाही. मध्य प्रदेशात शिवराजसिंह चौहान यांनी २०२३ मध्ये लाडली बहना सुरू केली होती. गोव्यात तर मनोहर पर्रीकरांनी २०१२ मध्येच गृहआधार योजना आणली, महागाईचा बोजा गृहिणीवर पडतो म्हणून महिना १००० रुपये, पुढे १५००.

रोखीचे बळ तिच्या साधेपणात आहे. मध्ये मुकादम नाही, काटा मारणारा रेशन दुकानदार नाही. पैसे बाईच्या नावावर येतात, आणि औषध घ्यायचे की मुलीची फी भरायची हे ती ठरवते. बाईच्या हातात पैसा दिला तर उडवला जाईल, असे म्हणणाऱ्यांनी एखाद्या घरातला महिन्याचा हिशेब कोण जुळवते ते पाहावे. घरकाम हे काम आहे आणि त्याला मोल नाही, ही गोष्ट या रकमेने निदान चर्चेत आणली.

तिची दुर्बलता दोन ठिकाणी आहे. पहिली पैशाच्या बाजूला. जवळपास दोन कोटी चाळीस लाख स्त्रियांना वर्षाला १८ हजार म्हणजे ४३ हजार कोटींच्या वर. रोहयोसाठी जसा वेगळा कर बसवला तसा इथे बसवला नाही. मग पैसा येणार कुठून? दुसऱ्या खात्यांतून किंवा कर्जातून. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटींची तरतूद झाली आणि २१०० चा आकडा त्यात नव्हता. दुसरी दुर्बलता चाळणीची. निवडणुकीआधी अर्ज भराभर मंजूर झाले, निवडणुकीनंतर छाननी आली, चारचाकीची चौकशी आली, ई-केवायसी आली. लाखो नावे संशयाच्या यादीत गेली. त्यांत सरकारी नोकर निघाले, पुरुषही निघाले, त्यांची नावे गेलीच पाहिजेत. पण जिचे आधारवरचे नाव आणि खात्यावरचे नाव एका काना-मात्रेने जुळत नाही, अशी बाईही त्याच यादीत असते. तिच्याकडे तारखेची पावती नाही, पंधरा दिवसांची मुदत नाही आणि बेकारी भत्त्यासारखी भरपाईही नाही. शासन निर्णयाने सुरू झालेली गोष्ट शासन निर्णयाने थांबते. पंतप्रधानांनी जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंडात ज्याला रेवडी म्हटले ती कोणती आणि हक्क कोणता, याचा निवाडा रकमेवरून करू नये. देणाऱ्याने हात आखडता घेतला तर घेणाऱ्याला दाद मागता येते का, यावरून करावा.

दोनशे रुपयांचे वय

मदतीच्या रूपाबद्दलची एक गोष्ट सभांमध्ये कधी बोलली जात नाही. पाच किलो धान्य दहा वर्षांनंतरही पाच किलोच असते. रोजगार हमीची मजुरी शेतमजुरांच्या महागाई निर्देशांकाला बांधलेली होती, त्यामुळे ती दरवर्षी थोडी का होईना वाढत गेली. महाराष्ट्रात २०२४-२५ मध्ये ती २९७ रुपये होती, पुढच्या वर्षी ३१२ झाली. रोख मदतीला असा कणा नसतो. ती वाढते ती निवडणूक असेल तेव्हा, आणि घेणाऱ्यांची मते मोजण्याइतकी असतील तेव्हा.

लाडक्या बहिणी राज्यात दोन कोटींच्या वर होत्या, म्हणून त्यांच्यासाठी दोन्ही आघाड्यांमध्ये चढाओढ लागली. निराधार म्हाताऱ्यांची संख्या तेवढी नाही, आणि त्यांतले अनेक जण मतदान केंद्रापर्यंत चालत जाऊ शकत नाहीत. केंद्राने १९९५ मध्ये वृद्धापकाळ निवृत्तिवेतन सुरू केले तेव्हा ते महिना ७५ रुपये होते. २००६-०७ मध्ये केंद्राचा वाटा २०० रुपये झाला. त्यानंतर केंद्रात मनमोहन सिंग होते, मग नरेंद्र मोदी आले, तीन लोकसभा निवडणुका मोदींच्या नेतृत्वाखाली लढवून झाल्या. साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा अजूनही २०० रुपयेच आहे. राज्ये त्यात आपापली भर घालतात, म्हणून महाराष्ट्रात हातात पडणारी रक्कम जास्त असते. पण सत्तेत कुणीही असो, केंद्राचे हे दोनशे तेव्हापासून तसेच टिकून आहेत.